ट्रॅव्हल ट्रेलरचे टायर : भार, माप आणि मोकळी जागा

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे गाडीच्या मागे जोडून ओढायचे चाकांवरचे घर. त्याला स्वतःचे इंजिन नसते. स्वयंपाकाचा ओटा, शीतकपाट, पलंग, पाण्याच्या टाक्या, गॅसची नळकांडी असा सगळा संसार दोन किंवा चार टायरांवर उभा असतो. अमेरिका आणि कॅनडात सुट्टीतल्या प्रवासासाठी हे ट्रेलर मोठ्या प्रमाणावर वापरले जातात आणि तिकडे स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही राष्ट्रीय उद्यानांची सफर अशा ट्रेलरमधून करतात. जुने टायर बदलायची वेळ आली की बहुतेक मालकांपुढे एकच प्रश्न येतो : आहे तेच माप घ्यावे, की थोडे मोठे आणि मजबूत? या प्रश्नाचे उत्तर तीन गोष्टींतून मिळते. त्या म्हणजे टायरला पेलायचा भार, तो ज्या रिमवर बसणार ती रिम आणि त्याच्या भोवती उरणारी मोकळी जागा. या तिन्हींचा विचार याच क्रमाने करावा लागतो.

टायरवरची अक्षरे आणि आकडे

ट्रेलरच्या टायरवर ‘एसटी २०५/७५ आर १४’ अशी खूण असते. ‘एसटी’ म्हणजे खास ट्रेलरसाठी बनवलेला टायर. २०५ हा टायरच्या रुंदीचा मिलिमीटरमधला आकडा. ७५ म्हणजे टायरच्या बगलेची उंची त्या रुंदीच्या ७५ टक्के. ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी आणि १४ हा रिमचा इंचांमधला व्यास. यावरून टायरचा पूर्ण व्यास काढता येतो. २०५ चे ७५ टक्के म्हणजे जवळपास १५४ मिमी. रिमच्या वर आणि खाली अशा दोन बगला मिळून ३०७ मिमी होतात. त्यात १४ इंचांचे ३५६ मिमी मिळवले की व्यास ६६३ मिमी, म्हणजे सुमारे २६ इंच येतो.

मोटारीच्या टायरवर ‘पी’ आणि हलक्या ट्रकच्या टायरवर ‘एलटी’ अशी अक्षरे असतात. हे टायर गाडीला पुढे नेण्याचे आणि वळवण्याचे काम करतात. ट्रेलरच्या टायरला यातले काहीच करायचे नसते. त्याला सतत जड भार पेलायचा असतो आणि वळणावर आडवा ताण सोसायचा असतो. दोन ॲक्सलच्या ट्रेलरमध्ये हा आडवा ताण फार मोठा असतो, कारण एकामागोमाग असलेली दोन्ही चाके एकाच वर्तुळात फिरू शकत नाहीत. कॅम्पच्या अरुंद जागेत ट्रेलर मागे घेताना टायर जमिनीवर आडवे घासत जातात आणि त्यांच्या बगला पिळवटलेल्या स्पष्ट दिसतात. म्हणून एसटी टायरच्या बगला जास्त ताठ ठेवलेल्या असतात. मोटारीचा ‘पी’ टायर ट्रेलरला बसवायचा झाल्यास त्याची भारक्षमता १.१ ने भागून धरावी, असा अमेरिकेचा नियम आहे. एलटी टायर चालतो, पण त्याच मापात त्याची भारक्षमता बहुधा एसटीपेक्षा कमी भरते.

मापानंतर येते भारश्रेणी. ‘सी’ श्रेणीच्या टायरला ५०, ‘डी’ला ६५ आणि ‘ई’ला ८० पीएसआय (चौरस इंचामागे पौंड) दाबावर पूर्ण क्षमता मिळते. टायरमध्ये भार पेलते ती हवा, रबराचे काम ती हवा धरून ठेवण्याचे. म्हणून एकाच मापाचा टायर श्रेणी बदलली की जास्त भार पेलतो. मात्र ‘सी’ श्रेणीच्या टायरमध्ये ६५ पीएसआय हवा भरली म्हणून तो ‘डी’ श्रेणीचा होत नाही. त्याची मर्यादा ५० वरच थांबते.

आधी वजन

टायर निवडण्यापूर्वी ट्रेलरवर किती भार आहे ते माहीत असावे लागते. ट्रेलरच्या डाव्या अंगाला, पुढच्या भागात बाहेरून एक पट्टी चिकटवलेली असते. ट्रेलरचे जास्तीत जास्त अनुज्ञेय वजन, प्रत्येक ॲक्सलची मर्यादा, कारखान्यातून बसवलेल्या टायरचे माप आणि त्यात भरायची हवा एवढी माहिती तिच्यावर असते. पट्टीवरचे आकडे ही मर्यादा झाली. प्रत्यक्ष वजन काट्यावरच कळते. अमेरिकेतल्या महामार्गांवर ट्रकच्या थांब्यांपाशी ‘कॅट स्केल’चे काटे आहेत. प्रवासाला निघताना जसा ट्रेलर असतो तसाच, पाणी, गॅस, भांडीकुंडी आणि कपड्यांसह तो काट्यावर न्यावा. गाडीच्या हुकावर ट्रेलरच्या वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भाग येतो आणि उरलेला टायरांवर.

हा उरलेला भार चारही चाकांवर सारखा वाटला जातो असे समजणे चुकीचे ठरते. ज्या बाजूला स्वयंपाकघर, शीतकपाट किंवा बाहेर सरकणारी खोली असते ती बाजू जड असते. म्हणून शक्य असेल तिथे प्रत्येक चाकाचे वजन वेगळे घ्यावे. ‘एस्केपीज’ ही अमेरिकेतली जुनी संघटना अशी चाकनिहाय वजनाची सोय करते. टायरची निवड सरासरीवर न करता सर्वांत जड चाकावर करावी लागते.

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. ट्रेलरला प्रत्येकी ३,५०० पौंडांचे दोन ॲक्सल आहेत, म्हणजे मर्यादा ७,००० पौंड. त्यावर ‘एसटी २०५/७५ आर १४’ मापाचे ‘सी’ श्रेणीचे टायर आहेत. अशा एका टायरची क्षमता १,७६० पौंड. चार टायरांची मिळून ७,०४० पौंड होते. कागदावर हिशोब जुळतो, पण हातात राहतात अवघे ४० पौंड. एक बाजू थोडी जड असली किंवा हवा जरा कमी झाली, की टायर मर्यादेपलीकडे जातो. बगला जास्त वाकतात, उष्णता वाढते, आतले थर सुटू लागतात आणि भर वेगात नक्षीचा पट्टा निघून येतो. सुटलेला पट्टा चाकाबरोबर फिरत चाकावरच्या खोबणीचा तळ फोडतो, वायरी तोडतो, पाण्याचे नळ उखडतो. टायरपेक्षा या दुरुस्तीचा खर्च अनेकदा मोठा होतो. अमेरिकेतल्या ‘आरव्ही इंडस्ट्री असोसिएशन’ने २०१७ पासून नव्या ट्रॅव्हल ट्रेलरच्या टायरांची क्षमता ॲक्सलच्या मर्यादेपेक्षा किमान १० टक्के जास्त असावी अशी अट घातली, ती यामुळेच. त्याआधीच्या ट्रेलरमध्ये टायर बदलतानाच हा राखीव भाग मिळवून घ्यावा लागतो.

७,००० पौंडांवर १० टक्के धरले तर चार टायरांची मिळून क्षमता ७,७०० पौंड हवी, म्हणजे दर टायरला १,९२५. आता उपलब्ध पर्याय तपासता येतात. त्याच १४ इंची रिमचा ‘एसटी २१५/७५ आर १४’, ‘सी’ श्रेणी : १,८७० पौंड, अपुरा. १५ इंची ‘एसटी २०५/७५ आर १५’, ‘सी’ श्रेणी : १,८२० पौंड, हाही अपुरा. जुन्याच मापाचा ‘एसटी २०५/७५ आर १४’, पण ‘डी’ श्रेणीत : २,०४० पौंड, पुरेसा. ‘एसटी २०५/७५ आर १५’, ‘डी’ श्रेणी : २,१५० पौंड, पुरेसा. ‘एसटी २२५/७५ आर १५’, ‘डी’ श्रेणी : २,५४० पौंड, भरपूर. मोठा टायर म्हणजे जास्त क्षमता हा समज इथे कोलमडतो. जुन्याच मापात श्रेणी वाढवली तर काम भागते आणि मोकळ्या जागेचा प्रश्नच उभा राहत नाही. म्हणून हा पर्याय सर्वांत आधी तपासावा.

मग रिम

टायरची क्षमता वाढली तरी रिमची वाढत नाही. रिमच्या आतल्या किंवा मागच्या बाजूला तिची कमाल भारमर्यादा कोरलेली असते आणि काही रिमांवर हवेच्या दाबाची मर्यादाही असते. ‘डी’ श्रेणीच्या टायरात ६५ पीएसआय हवा भरायची तर रिम तेवढा दाब सोसणारी हवी. आकडा सापडला नाही तर उत्पादकाकडे विचारावे, अंदाज करू नये. व्हॉल्व्हचेही तसेच. साधा रबरी व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतच चालतो. ‘ई’ श्रेणीच्या ८० पीएसआयसाठी जास्त दाबाचा किंवा धातूचा व्हॉल्व्ह बसवावा लागतो.

रिमची रुंदीही पाहावी लागते. ‘एसटी २०५/७५ आर १५’ साधारणपणे ५ इंच रुंद रिमवर बसवतात, तर ‘एसटी २२५/७५ आर १५’साठी ६ इंच रुंद रिम लागते. अरुंद रिमवर रुंद टायर कोंबला तर तो बाहेर फुगतो, मधोमध झिजतो आणि वळणावर डळमळतो. नवी रिम घेताना बोल्टांची संख्या आणि त्यांचे अंतर जुळावे लागते. ३,५०० पौंडांच्या ॲक्सलवर बहुधा साडेचार इंच वर्तुळावर ५ बोल्ट असतात. ५,२०० आणि ६,००० पौंडांच्या ॲक्सलवर साडेपाच इंच वर्तुळावर ६ बोल्ट, तर ७,००० पौंडांच्या ॲक्सलवर साडेसहा इंच वर्तुळावर ८ बोल्ट येतात. रिमची बसणारी पाटी तिच्या रुंदीच्या मध्यापासून किती आत किंवा बाहेर आहे, हेही जुन्या रिमसारखेच असावे. ट्रेलरच्या पुष्कळ रिमांमध्ये ही पाटी अगदी मध्यावर असते. ती अर्धा इंच सरकली तर सगळे चाक अर्धा इंच चासीकडे किंवा मडगार्डकडे सरकते.

शेवटी मोकळी जागा

टायरभोवतीची जागा तीन ठिकाणी मोजतात : वर, दोन्ही बाजूंना आणि दोन ॲक्सल असल्यास दोन टायरांच्या मध्ये.

वरच्या जागेबद्दल एक गैरसमज सर्रास आढळतो. मोठ्या टायरमुळे ट्रेलरही उंच होतो, तेव्हा वरची फट तेवढीच राहील, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ट्रेलर आणि ॲक्सल एकत्रच उचलले जातात आणि त्या दोघांमधले अंतर बदलत नाही. टायरचा माथा मात्र ॲक्सलच्या मध्यापासून पहिल्यापेक्षा वर जातो. म्हणून व्यास जितका वाढेल त्याच्या निम्म्याने वरची फट घटते. ६६३ मिमी व्यासाच्या जागी ‘एसटी २०५/७५ आर १५’चा ६८८ मिमीचा टायर आला तर फट सुमारे १३ मिमीने कमी होते. ‘एसटी २२५/७५ आर १५’चा व्यास ७१८ मिमी आहे, त्याने फट सुमारे २८ मिमीने घटते.

वर किती जागा राखावी? ट्रेलरच्या कमानपाट्यांना खड्ड्यात साधारण ३ इंच, म्हणजे ७६ मिमी वर दबायला वाव हवा. तेवढी फट पूर्ण भरलेल्या ट्रेलरमध्ये उरली पाहिजे. वरच्या उदाहरणात जुन्या टायरवर ९० मिमी फट मोजली असे धरले, तर ‘२०५/७५ आर १५’ बसवल्यावर ७७ मिमी उरते आणि टायर कसाबसा बसतो. ‘२२५/७५ आर १५’ बसवल्यावर ६२ मिमीच उरते. हा टायर अंगणात सहज फिरेल, पण पहिल्याच मोठ्या खड्ड्यात वर आपटेल. पाट्यांऐवजी रबरी दोऱ्यांवर चालणारे ॲक्सल असतील, तर जुन्या ट्रेलरमध्ये ते रबर बसून गेलेले असते आणि फट मुळातच कमी झालेली असते. नव्या ट्रेलरच्या माहितीपत्रकातला आकडा तिथे उपयोगाचा नाही, प्रत्यक्ष मोजूनच पाहावे.

मोजायचे ते खोबणीच्या सर्वांत खाली आलेल्या जागेपासून. छताचा पत्रा किंवा प्लॅस्टिकचे अस्तर उंच असते, पण त्यातून खाली डोकावणारे जमिनीच्या फळ्यांचे स्क्रू, वायरींच्या पट्ट्या, नळांचे आकडे आणि अस्तराच्या लोंबत्या कडा टायरला आधी लागतात. विजेरी घेऊन खोबणीत पाहिले की टायर पूर्वी घासला असेल तर त्याच्या खुणा सापडतात. काळ्या अस्तरावर गुळगुळीत चकाकणारा पट्टा, टोक घासून चमकणारा स्क्रू, टायरच्या नक्षीवर एकाच ओळीत गेलेला बारीक चर. जुन्याच टायरने अशा खुणा केल्या असतील, तर मोठ्या टायरचा विचार सोडून आधी पाटे तपासावेत. थकून सपाट झालेले पाटे बदलल्यावरच माप घ्यावे.

बाजूंना आत चासी, पाटे आणि ब्रेकच्या वायरीपर्यंत, बाहेर मडगार्डच्या कडेपर्यंत किमान १ इंच, जमल्यास दीड इंच जागा राहावी. २०५ च्या जागी २२५ चा टायर आला आणि रिमची पाटी मध्यावरच असली, तर प्रत्येक बाजूला साधारण १० मिमी जागा जाते. एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायर प्रत्यक्षात काही मिलिमीटरनी कमी-जास्त असतात. त्यामुळे फट काठावरची असेल तर सूत्राने काढलेल्या आकड्यापेक्षा त्या टायरच्या उत्पादकाच्या तक्त्यातला व्यास आणि रुंदी धरावी.

दोन टायरांमधली फट म्हणजे दोन ॲक्सलमधील अंतर वजा टायरचा व्यास. हे अंतर बऱ्याच ट्रेलरमध्ये ३३ इंच, म्हणजे ८३८ मिमी असते. ‘२२५/७५ आर १५’ बसवल्यावर १२० मिमी उरतात, ते पुरेसे आहेत. पण ‘एसटी २३५/८० आर १६’चा व्यास ७८२ मिमी आहे, तिथे ५६ मिमीच राहतात. दोन ॲक्सलच्या ट्रेलरमध्ये पुढच्या आणि मागच्या पाट्यांना जोडणारा इक्वलायझर असतो. पुढचे चाक उंचवट्यावर चढले की तो मागच्या चाकाला खाली दाबतो. या हालचालीत पाटे सपाट होतात आणि ॲक्सल थोडे पुढे-मागे सरकतात. म्हणून उभ्या ट्रेलरमधली फट चालत्या ट्रेलरमध्ये कमी होते, हे धरूनच चालावे.

याची पडताळणी घरीच करता येते. ट्रेलर भरलेला आणि गाडीला जोडलेला असावा, जमीन सपाट असावी. एका बाजूच्या पुढच्या चाकाखाली सुमारे ४ इंच जाडीची भक्कम, रुंद फळी ठेवून ट्रेलर तिच्यावर हळूहळू चढवावा. मग उरलेल्या चाकांना उटी लावून वरची, बाजूची आणि दोन टायरांमधली फट मोजावी. नंतर हेच मागच्या चाकाने आणि दुसऱ्या बाजूने करावे. ट्रेलर जॅकवर असताना त्याच्याखाली शिरू नये. फक्त एक नवा टायर आणून, तो प्रत्येक जागी बसवून मोजणी केली आणि मगच बाकीचे घेतले, तर खर्च वाया जात नाही.

जागा कमी पडली तर

मोठ्या टायरची खरी गरज असेल आणि वर जागा नसेल तर ट्रेलर उचलावा लागतो. काही ट्रेलरमध्ये पाटे ॲक्सलच्या खाली असतात. ते ॲक्सलच्या वर घेतले की ट्रेलर साधारण ४ ते ५ इंच उचलला जातो. या कामात ॲक्सल उलटा फिरवायचा नसतो. त्याच्या नळीला मधोमध वर हलका बाक दिलेला असतो, तो तसाच राखून पाट्यांची बैठक नळीच्या वरच्या अंगाला नव्याने वेल्ड करतात. दुसरा मार्ग म्हणजे चासी आणि पाट्यांच्या आधारांमध्ये लोखंडी चौकट घालणे. दोन्ही कामे कसबी वेल्डरचीच आहेत. शिवाय ट्रेलर उंच झाल्याने त्याचा गुरुत्वमध्य वर जातो, वारा जास्त लागतो आणि ओढणाऱ्या गाडीच्या हुकाची उंची बदलावी लागते. ट्रेलर नाक वर करून चालला तर मागच्या ॲक्सलवर जादा भार येतो. हे सगळे पाहता, केवळ दिसायला मोठा टायर हवा म्हणून ट्रेलर उचलणे शहाणपणाचे नाही.

मोठ्या व्यासाचा आणखी एक परिणाम ब्रेकवर होतो. ब्रेकचा ड्रम तोच राहतो आणि चाक मोठे होते, त्यामुळे रोखण्याची ताकद व्यासाच्या प्रमाणात घटते. ६६३ वरून ७१८ मिमीवर गेल्यास ही घट सुमारे ८ टक्के असते. गाडीतल्या ब्रेक-नियंत्रकाची जुळणी त्यानुसार नव्याने करावी.

बसवताना आणि बसवल्यावर

टायरच्या बगलेवर ‘डॉट’ अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे बनवण्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात. २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. ट्रेलर महिनोन्‌महिने उन्हात उभा असतो आणि नक्षी नवी दिसत असतानाच रबर कडक होते. म्हणून नक्षी शाबूत असली तरी साधारण पाच-सहा वर्षांत टायर बदलावेत आणि दुकानातून घेतानाच तारीख पाहून घ्यावी. चारही टायर एकाच मापाचे, एकाच श्रेणीचे असावेत आणि स्टेपनीही तशीच. स्टेपनी चासीखालच्या कैचीत बसत असेल, तर मोठा टायर तिथे मावतो का हेही पाहून ठेवावे.

जुन्या एसटी टायरांवर वेगाची खूण नसेल, तर त्यांची मर्यादा ताशी ६५ मैल, म्हणजे सुमारे १०५ किमी धरतात. नव्या टायरांवर त्याहून जास्त वेगाची अक्षरे असतात, पण कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या वाहनाला कायद्याने ताशी ५५ मैलच परवानगी आहे. वेग वाढला की उष्णता वाढते आणि टायरचा सर्वांत मोठा शत्रू उष्णताच.

अर्धा इंची स्टडचे नट ९० ते १२० फूट-पौंड, म्हणजे सुमारे १२२ ते १६३ न्यूटन-मीटर ताकदीने टॉर्क पान्यानेच आवळावेत. रिम नवी बसलेली असताना ते पहिल्या १०, २५ आणि ५० मैलांनंतर पुन्हा तपासावेत. हवा सकाळी निघण्यापूर्वी, टायर थंड असताना मोजावी. नव्या श्रेणीचा टायर घेऊन त्यात जुन्याच दाबाने हवा भरली तर वाढीव क्षमता मिळत नाही. वाटेत टायर तापून दाब वाढतो, ते अपेक्षितच असते. त्या वेळी हवा सोडू नये. पहिल्या मोठ्या प्रवासानंतर खोबणीत पुन्हा विजेरी टाकून घासल्याच्या नव्या खुणा शोधाव्यात.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. चाकांवरचे घर ही कल्पना त्यामुळे आपल्याकडेही ओळखीची होत आहे. देश कोणताही असो, टायरच्या दुकानात जाण्याआधी चार आकडे कागदावर असावेत : सर्वांत जड चाकावरचा भार, रिमवर कोरलेली मर्यादा, भरलेल्या ट्रेलरमधली वरची फट आणि दोन ॲक्सलमधील अंतर. हे चार आकडे हाती असतील तर योग्य टायर निवडायला फार वेळ लागत नाही. ते नसतील तर दुकानदाराच्या शब्दावर टायर घेऊ नये.